आवाज चढवलेल्या जवानाशी बोलण्यापूर्वी: एका सेक्शन कमांडरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायदळाच्या एका पलटणीत नुकतीच नायकाची बढती मिळून सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जवानांच्या सर्वांत लहान तुकडीचा प्रमुख, झालेल्या एका तरुणाच्या हाताखाली सेवेचे दुसरे वर्ष चालू असलेला एक अग्निवीर आहे. पलटण सध्या शांततेच्या ठिकाणी आहे. संध्याकाळच्या फॉल-इनला, म्हणजे सगळे रांगेत जमल्यावर, गार्डची (पहाऱ्याची) यादी वाचली जात असताना आठवड्यात तिसऱ्यांदा आपले नाव ऐकून हा मुलगा सगळ्या सेक्शनसमोर ओरडला, "दरवेळी मीच दिसतो का तुम्हाला? सेक्शन चालवता येत नसेल तर सोडून द्या." एवढे बोलून त्याने हातातली पाण्याची बाटली जमिनीवर आपटली आणि तो रांगेतून निघून गेला. गार्डची ड्यूटी मात्र त्याने वेळेवर जाऊन पूर्ण केली. सेक्शनच्या वरच्या तुकडीचे, म्हणजे प्लाटूनचे, कमांडर असलेल्या सुभेदार साहेबांनी नायकाला सांगितले आहे की, आधी तू त्याच्याशी बोल, पुढचे नंतर ठरवू. काय बोलावे, किती कडक राहावे आणि सेक्शनसमोर आपली पत कशी राखावी, असे या नायकांनी विचारले आहे.

पायदळात सेक्शन कमांडरपासून सुभेदार मेजरपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर मी अशी प्रकरणे हाताळली आहेत, आणि त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की समजावणे आणि शिक्षा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती वेगवेगळ्या माणसांनी करायची असतात, आणि एकाच बैठकीत दोन्ही करायला गेले की दोन्ही बिघडतात. समजावण्यासाठी म्हणून जवानाला बोलावले, त्याने विश्वासाने मन मोकळे केले, आणि मग त्याच बोलण्याचा पुरावा करून त्याला कंपनी कमांडरसमोर मार्च केले (शिक्षेसाठी हजर केले), तर त्यानंतर त्या प्लाटूनमधला कोणीही कोणत्याही एनसीओपाशी (नायक, हवालदार अशा पदधारकापाशी) खरे बोलणार नाही. याच्या उलट, जिथे रीतसर कारवाई व्हायला हवी तिथे "मी बोलून घेतले" असे म्हणून प्रकरण झाकले, तर रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांना किती आवाज चढवला तरी चालतो याचे माप मिळते. म्हणून त्या मुलाला बोलावण्याआधी यातले कोणते काम तुमच्यापुढे आहे, हे स्वतःशी पक्के करा आणि सुभेदार साहेबांकडून ते स्पष्ट करून घ्या.

हे ठरवण्यासाठी कायदा काय म्हणतो ते माहीत असले पाहिजे, कारण नव्या एनसीओंपैकी अनेकांना आपल्या अधिकाराची सुरुवात आणि शेवट दोन्ही नेमके माहीत नसतात. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ४० मध्ये वरिष्ठावर हात टाकणे, त्याला धमकीची भाषा वापरणे आणि त्याच्याशी उद्धट भाषेत बोलणे हे तीन अपराध एकत्र दिले आहेत. वरिष्ठ त्या वेळी आपले कर्तव्य बजावत असेल किंवा अपराध सक्रिय सेवेत घडला असेल तर चौदा वर्षांपर्यंत, एरवी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. केवळ उद्धट भाषेसाठी मात्र ही मर्यादा पाच वर्षांवर ठेवली आहे. या कायद्याच्या व्याख्येत वरिष्ठ अधिकारी म्हणताना जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि एनसीओ यांचाही समावेश होतो. त्यामुळे फॉल-इन घेणाऱ्या नायकाला सगळ्यांदेखत असे बोलणे कायद्याच्या नजरेत किरकोळ नाही. ते तसे नाही हे त्या मुलालाही कळले पाहिजे, पण ते धमकीच्या सुरात सांगायचे नसते.

त्याच कायद्यात तुमच्या अधिकाराची हद्दही आहे. कलम ८० खाली जवानाला २८ दिवसांपर्यंत कैद किंवा लाइनबंदी (बॅरकच्या आवाराबाहेर जाण्यास मनाई), जादा गार्ड, जादा ड्यूटी, १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड अशा शिक्षा देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरला आणि त्यासाठी नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे. नायकाला, हवालदाराला किंवा सुभेदाराला तो नाही. शिवाय सैन्य नियम, १९५४ च्या नियम २२ प्रमाणे आरोपाची सुनावणी जवानाच्या समक्ष होते, आणि साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याची व स्वतःचे साक्षीदार आणण्याची त्याला मोकळीक असते. जादा गार्ड ही कायद्यातली एक शिक्षा आहे, आणि म्हणूनच ती ड्यूटीच्या यादीतून गुपचूप देता येत नाही. तुमच्या प्रकरणात सगळे गार्डच्या यादीवरूनच सुरू झाले आहे, तेव्हा हा मुद्दा मनात ठेवा. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

रगड्याबद्दल, म्हणजे अंगाला त्रास देऊन धडा शिकवण्याबद्दल, स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. रात्री बॅरकच्या मागे नेऊन पिठ्ठू (पाठीवरचे ओझे) लावून पळवणे, कोपरांवर रांगायला लावणे, मुर्गा बनवणे, सगळ्यांसमोर कान धरायला लावणे, हे अजूनही "घरातल्या घरात मिटवणे" या नावाखाली काही ठिकाणी चालते, आणि अनेक चांगल्या एनसीओंनाही ते प्रकरण वर नेण्यापेक्षा दयाळूपणाचे वाटते. ते दयाळूपणाचे नाही आणि कायदेशीरही नाही. हाताखालच्या माणसावर बळ वापरणाऱ्या किंवा त्याला अन्य प्रकारे छळणाऱ्या अधिकारी, जेसीओ अथवा एनसीओसाठी कलम ४७ मध्ये सात वर्षांपर्यंत कारावास आहे. उद्धटपणा त्या मुलाने केला असला तरी एका रात्रीच्या रगड्यानंतर आरोपीच्या जागी तुम्ही उभे असाल. पण कायद्यापेक्षाही मोठे कारण माणसाचे आहे. रगडा भोगलेला जवान आपल्या चुकीचा हिशेब चुकता झाला असे मानतो आणि मूळ गाऱ्हाणे जसेच्या तसे, वर अपमानाची भर घालून, मनात ठेवतो. पुढे कधीतरी हा माणूस भरलेली रायफल घेऊन रात्री दोन वाजता एकटा पहाऱ्यावर उभा राहणार आहे, हे कोणत्याही एनसीओने विसरू नये.

आता तुमचे प्रकरण कोणत्या बाजूला पडते ते पाहू. त्याने धमकी दिली नाही, अंगावर आला नाही, दारू प्यायलेला नव्हता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्यूटी नाकारली नाही. रांग सोडून जाणे ही चूकच आहे, पण दिलेला हुकूम उघडपणे धुडकावणे हा कलम ४१ चा स्वतंत्र आणि अधिक गंभीर अपराध आहे, आणि गार्ड पूर्ण करून त्याने ती रेषा ओलांडलेली नाही. बाटलीही जमिनीवर आपटली, तुमच्या दिशेने फेकली नाही. पूर्वी त्याची अशी तक्रार नसेल, तर समजावण्याचे काम तुमच्यापुढे आहे आणि सुभेदार साहेबांचा निर्णय योग्य आहे असे मी म्हणेन. यातली एक जरी गोष्ट वेगळी असती, तो अंगावर धावून आला असता, ड्यूटीला साफ नकार दिला असता, किंवा हे दुसऱ्या-तिसऱ्यांदा घडत असते, तर तुम्ही त्याच्याशी बोलायला बसू नये, जे घडले ते तसेच्या तसे वर कळवावे असेच मी सांगितले असते. दारूच्या बाबतीत जुन्या लोकांचा नियम आजही पाळण्यासारखा आहे: प्यायलेल्या जवानाशी त्या रात्री वरिष्ठाने एक शब्दही वाढवू नये, त्याच्या बरोबरीच्या जवानांकडून त्याला बाजूला न्यावे, एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) दाखवावे आणि बोलणे सकाळवर टाकावे. नशेत वरिष्ठ समोर राहिला की साध्या उद्धटपणाचे मारहाणीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट, पुढच्या वेळेसाठी. भडकलेला जवान लगेच सशस्त्र पहाऱ्यावर जाणार असेल तर त्याआधी कोणीतरी, शक्यतो प्लाटून हवालदाराने, त्याच्याशी दोन मिनिटे शांतपणे बोलून त्याची अवस्था पाहावी. शंका वाटली तर त्याची पाळी बदलावी, हत्यार कोतात (शस्त्रागारात) राहू द्यावे आणि त्याला बिनहत्यारी काम द्यावे. हे करताना "तुझ्यावर भरवसा नाही" असे सगळ्यांसमोर म्हणू नये; "आज तू लंगरची (स्वयंपाकघराची) ड्यूटी बघ, गार्डला दुसरा जाईल" एवढे पुरते.

बोलायला बसण्याआधी तुमच्याकडे दोन कामे आहेत. पहिले म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचे ड्यूटी रजिस्टर स्वतः उघडा आणि त्या मुलाच्या नावापुढच्या गार्ड, फटीग (साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामे) आणि रात्रपाळ्या मोजा, मग सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या मोजा. हा आकडा हातात असल्याशिवाय त्याच्यासमोर बसू नका, कारण त्याचा पहिला मुद्दा तोच असणार आहे. कोणी कोर्सला, कोणी सुट्टीवर, कोणी कंपनी ऑफिसात, कोणी साहेबांच्या बंगल्यावर अशी नफरी (हाताशी असलेल्या जवानांची संख्या) फुटली की सर्वांत नव्या जवानावर भार पडतो. तो मुद्दाम टाकलेला नसतो, पण ज्याच्यावर पडतो त्याला फरक दिसत नाही. कोणावर राग धरून यादीतून वचपा काढला गेला असेल, मग तो तुम्ही असा किंवा यादी बनवणारा दुसरा कोणी असो, तर ती वर सांगितल्याप्रमाणे बेकायदा शिक्षा झाली आणि ती आधी दुरुस्त व्हायला हवी. दुसरे काम म्हणजे त्याच्या बडीशी (जोडीदार जवानाशी) बोलणे. ते गुप्त चौकशीसारखे करू नका. "घरचे सगळे ठीक आहे ना त्याचे, जेवतो-झोपतो का नीट" इतकेच विचारा. बडीला बहुतेक गोष्टी माहीत असतात आणि त्यातल्या निम्म्या तो सांगणार नाही, आणि त्याने त्या सांगूही नयेत. जेवण सुटले आहे, रात्री फोनवर भांडण होते, हल्ली कोणाशी बोलत नाही, एवढे कळले तरी तुमच्या बोलण्याची दिशा बदलते.

वेळेबद्दल माझा अनुभव असा आहे की त्याच रात्री बोलू नये आणि दोन दिवसही जाऊ देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी, तो गार्डवरून उतरून झोपून उठला, जेवला, की दुपारनंतरचा वेळ चांगला. गार्डवरून नुकत्याच आलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाला समोर बसवून समज देणे म्हणजे दुसऱ्या स्फोटाला निमंत्रण आहे. जागा अशी असावी की तुम्ही दोघे लोकांना दिसाल, पण तुमचे बोलणे कोणाला ऐकू जाणार नाही: मैदानाच्या कडेचे झाड, मोकळी क्लासरूम, रिकामा शेड. बॅरकमध्ये नको, कारण तिथे त्याला दहा जोडी कान आहेत आणि तो त्यांच्यासाठी बोलेल. कंपनी ऑफिसही नको, कारण तिथे तो तोंड शिवून सावधानमध्ये उभा राहील आणि तुम्हाला "हां जी"शिवाय काही मिळणार नाही. त्याला बसवा आणि तुम्हीही त्याच उंचीवर बसा. प्लाटून हवालदाराला आधी सांगून ठेवा की तुम्ही अमुक वेळी त्याच्याशी बोलत आहात.

सुरुवात घडलेल्या गोष्टीने करा आणि ती जशी घडली तशीच सांगा. "काल संध्याकाळी फॉल-इनला मी यादी वाचत होतो. तुझे नाव आल्यावर तू सगळ्यांसमोर ओरडून म्हणालास की सेक्शन चालवता येत नसेल तर सोडून द्या, बाटली आपटलीस आणि विसर्जन व्हायच्या आधी निघून गेलास. मी सांगितले त्यात काही चुकीचे आहे का?" बस, एवढेच. "तू उर्मट आहेस", "आजकालची पोरं", "ट्रेनिंग सेंटरमध्ये तुला काही शिकवलेच नाही" असले एकही वाक्य नको, कारण कृतीबद्दल माणूस मान खाली घालू शकतो, पण स्वभावावर, पिढीवर किंवा उस्तादांवर (शिकवणाऱ्यांवर) बोट ठेवले की तो बचावाला उभा राहतो. मग लगेच सांगा, "ही शिस्तीची गोष्ट आहे, ती मी लपवणार नाही, पण आज मी तुला शिक्षा द्यायला बसलेलो नाही. सुभेदार साहेबांना काय घडले ते माहीत आहे आणि मी तुझ्याशी बोलतो आहे हेही माहीत आहे." हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. त्यासोबत मर्यादाही सांगा: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल अशी गोष्ट निघाली तर मी ती वर सांगेन, आणि तुला सांगूनच सांगेन."

त्यानंतर गप्प बसा. नव्या एनसीओला हेच सर्वांत जड जाते. तो मुलगा एक मिनिट, दोन मिनिटे जमिनीकडे पाहत राहील आणि तुम्हाला ती शांतता भाषणाने भरावीशी वाटेल. ती भरू नका. तो बोलू लागला की मध्येच दुरुस्ती करू नका, "आम्ही रिक्रूट होतो तेव्हा" हे तर मुळीच नको. पहिल्यांदा तो ड्यूटीबद्दल बोलेल, आणि ते खरे असेल तर रजिस्टरमधला आकडा त्याला दाखवून मान्य करा: "हो, तुझ्या नावावर जास्त गार्ड पडल्या आहेत, पुढच्या यादीत ते दुरुस्त होईल." तुमचा आकडा त्याच्या समजुतीपेक्षा वेगळा निघाला तर तोही तितक्याच शांतपणे दाखवा. नंतर एकच प्रश्न विचारा: "गार्ड याआधीही लागल्या, तेव्हा तू बोलला नाहीस. काल काय झाले होते?"

बहुतेक वेळा खरे कारण इथे बाहेर येते, आणि ते बॅरकच्या बाहेरचे असते. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च, बहिणीच्या लग्नाची ठरलेली तारीख आणि न मिळालेली सुट्टी, भावकीने बांध कोरला म्हणून तहसीलात अडकलेला वाद, मोबाइलवरच्या खेळात किंवा झटपट कर्जात गेलेले पैसे, ठरलेले लग्न मोडणे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी किंवा सीमेपलीकडच्या बेळगाव भागातून आलेल्या मुलांच्या घरची ही दुखणी मी इतक्या वेळा ऐकली आहेत की ऐकणाऱ्याला त्यांची सवय होण्याचा धोका आहे. पण सांगणाऱ्यासाठी ती पहिलीच वेळ असते. सुट्टीचा मुद्दा अग्निवीरांच्या बाबतीत विशेष लक्षात घ्या. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक सुट्टी असते, अग्निवीराला वर्षभरात ३० दिवस. एकाच बॅरकमध्ये, एकाच ड्यूटीवर असलेल्या दोन मुलांमधला हा फरक त्यांना रोज दिसतो, आणि ठरलेली आठ दिवसांची सुट्टी पुढे ढकलली गेली की अग्निवीराच्या वाट्याचा मोठा तुकडा हलतो.

त्याहून खोल गोष्ट चार वर्षांची आहे. २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची ही अग्निपथ योजना सुरू झाल्यापासून भरती झालेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात एक हिशेब चालू असतो, कारण चार वर्षांनंतर त्याच्या तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत घेतले जाणार आहे. शेजारचा मित्र हा एकाच वेळी बडीही आहे आणि स्पर्धकही. अशा मुलाला सगळ्यांसमोर झालेली प्रत्येक सूचना, यादीतले प्रत्येक नाव, कोर्ससाठी दुसऱ्याची झालेली निवड ही आपल्या भविष्यावरची नोंद वाटते. म्हणूनच "चार वर्षांनी बघू तुझे काय होते ते" हे वाक्य कोणत्याही एनसीओच्या तोंडी येता कामा नये. निवड तुमच्या हातात नाही, आणि जे आपल्या हातात नाही त्याची धमकी देणारा माणूस जवानाच्या नजरेतून उतरतो. उलट काय लिहिले जाते, कोण लिहितो आणि आजचे हे बोलणे शिक्षेच्या नोंदीत जात नाही, हे त्याला सरळ समजावून सांगा. निम्मी घालमेल तिथेच कमी होते.

बोलताना तो अगदी सपाट आवाजात "आता काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरे" असे काही बोलला, तर विषय बदलू नका आणि धीर देण्याची घाईही करू नका. त्याला थेट विचारा, "जिवाचे काही बरे-वाईट करायचा विचार मनात येतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, कोणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखेच वाटते. उत्तर होकारार्थी किंवा गोलमोल आले तर बैठक तिथेच समुपदेशनाची राहत नाही. त्याला एकटे सोडू नका, हत्यारापासून दूर ठेवा, स्वतः सोबत जाऊन रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरकडे न्या आणि कंपनी कमांडरपर्यंत त्याच तासात कळवा. आवाज चढवल्याचा विषय त्या दिवशी मागे पडला तरी चालेल.

कारण कळल्यावर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, आणि त्या वेगळ्या आहेत हे मोठ्याने म्हणा. "वडिलांच्या आजारपणाचे मी सुभेदार साहेबांना आजच सांगतो आणि सुट्टीसाठी कंपनी कमांडर साहेबांचा इंटरव्ह्यू (रीतसर भेट) मागतो. पण तू फॉल-इनमध्ये जे बोललास ते चुकीचे होते, आणि वडील आजारी नसते तरीही आणि आहेत तरीही ते चुकीचेच आहे." अनेक चांगल्या मनाचे एनसीओ इथे घसरतात: मुलाचे दुःख ऐकून ते इतके हलतात की चूक बोलायचीच राहून जाते. मग मुलाला असे कळते की आवाज चढवल्यावर सुट्टी मिळते. दुसऱ्या टोकाचे एनसीओ कारण ऐकूनही "ते ठीक आहे, पण" म्हणून पुढे जातात, आणि मुलाला कळते की इथे सांगून काही उपयोग नाही. दोन्ही वाक्ये एका दमात, समान वजनाने म्हणणे हेच या बैठकीचे खरे काम आहे.

मग त्याला विचारा की असे पुन्हा वाटले तर तो काय करू शकला असता. बहुतेकांना मार्ग माहीत नसतो, किंवा माहीत असून वापरायची भीती वाटते. आधी सेक्शन कमांडरला एकट्यात सांगणे, तिथे समाधान झाले नाही तर प्लाटून हवालदार, मग प्लाटून कमांडर, सीनियर जेसीओ आणि कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू, हा मार्ग त्याला नाव घेऊन समजावा. सैन्य अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे वरिष्ठाने अन्याय केला असे वाटणाऱ्या जवानाला आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार करण्याचा हक्कच आहे, हेही सांगा, मग ती तक्रार तुमच्याविरुद्ध का असेना. हे तुमच्या तोंडून ऐकल्यावर तुमची पत कमी होत नाही. ज्या सेक्शन कमांडरला आपल्याविरुद्धच्या तक्रारीचा रस्ता दाखवताना भीती वाटत नाही, त्याच्या यादीवर जवान विश्वास ठेवतात.

घरची अडचण खरी असेल तर तिथे पलटणीकडून होणारी मदत पुष्कळ आहे, आणि ती मागायची कशी हे जवानाला माहीत नसते. जमिनीच्या किंवा शेजाऱ्याच्या त्रासाच्या प्रकरणात कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र लिहू शकतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पाठपुरावा होऊ शकतो, आणि विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकांना दिवाणी व महसुली दाव्यांत संरक्षण देणारा १९२५ चा कायदाही आहे. तुम्ही वकील होऊ नका, पण अर्ज कंपनी क्लार्कपर्यंत पोहोचला आहे आणि तिथून पुढे सरकला आहे, हे मात्र स्वतः पाहा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. "तुझ्या वडिलांना फोन करतो" असे कधीही म्हणू नका. ज्या घरातले आजोबा आणि वडील दोघेही फौजेत होते, ज्या गावात पोरगा भरती झाला म्हणून फलक लागला, तिथे हा फोन शिक्षेपेक्षा मोठा असतो. जवानाची इज्जत गावात असते आणि पलटणीतही असते. पलटणीतली चूक गावात नेणे हा त्याच्यावर होणारा असा आघात आहे की त्यानंतर तुमच्याशी त्याचे नाते पूर्वीसारखे होत नाही.

माफीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सेक्शनसमोरची पत म्हणताना तुमच्या मनात तीच असणार. माफी मागून घेऊ नका. हुकुमाने मागितलेली माफी सगळ्यांना ओळखू येते. बोलण्याच्या शेवटी एवढेच म्हणा, "जे बोललास ते सगळ्यांसमोर बोललास. ते कसे निस्तरायचे ते तू ठरव, मी तुला शब्द शिकवणार नाही." मी पाहिलेल्या मुलांपैकी बरेच जण एक-दोन दिवसांत फॉल-इनला स्वतःहून एक वाक्य बोलून गेले, आणि जे बोलले नाहीत त्यांच्यापैकीही काहींनी वागण्यातून ते दाखवले. तुमची बाजू तुम्ही वेगळ्या रीतीने पूर्ण करायची आहे: पुढच्या फॉल-इनला, त्या मुलाचे नाव न घेता, यादी कशी बनते, नफरी किती आहे आणि मागच्या महिन्यात कोणाच्या वाट्याला काय आले हे सेक्शनला सांगा, आणि सोबत हेही सांगा की यादीवर हरकत असेल तर ती फॉल-इन सुटल्यावर माझ्यापाशी येऊन सांगायची, रांगेत नाही. पत अशा यादीतून आणि अशा सांगण्यातून राहते. त्याला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावून ती राहत नाही.

लेखी नोंदीबद्दल. स्वतःच्या डायरीत तारीख, काय घडले, कधी बोललात, काय ठरले हे चार ओळींत लिहा. मते लिहू नका, आणि त्याने सांगितलेले खासगी तपशीलही लिहू नका. त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून सही घेऊ नका. तो समजावण्याच्या बैठकीचा भाग नाही आणि पुढे रीतसर कारवाई झालीच तर तो कागद तुमच्यासाठीच अडचणीचा ठरेल. सुभेदार साहेबांना मात्र तोंडी आणि पूर्ण सांगा: चूक त्याने मान्य केली की नाही, घरचे कारण आहे की नाही, यादीत दुरुस्ती हवी की नाही. आपल्या बाजूची चूक निघाली असेल तर ती आधी सांगा.

पुढे पंधरा दिवसांनी त्याच्याशी पुन्हा पाच मिनिटे बोला, अर्जाचे काय झाले ते सांगा आणि त्याला एखादी जबाबदारी द्या, उदाहरणार्थ सेक्शनच्या शस्त्रसफाईची देखरेख. दोष लागलेल्या मुलाकडे काम सोपवले की बाकीच्यांनाही प्रकरण संपल्याचे कळते. आणि याउपर तो पुन्हा तसाच वागला, तर दुसऱ्यांदा समजावायला बसू नका. त्या वेळी सुभेदार साहेबांमार्फत प्रकरण कंपनी कमांडरकडे जाऊ द्या आणि त्याला तसे आधी सांगा. त्याच्या कंडक्ट शीटवर (वर्तणुकीच्या नोंदपत्रावर) तांबड्या शाईची, म्हणजे मोठ्या शिक्षेची, एक नोंद झाली म्हणून त्याची नोकरी संपली असे नसते. चार तांबड्या नोंदी झालेल्या जवानालाही चौकशी न करता आणि परिस्थिती न पाहता काढून टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. ती सुनावणी कंपनी कमांडरच्या आणि कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावरची आहे, आणि तिथे तुमचे काम साक्षीदाराचे असेल: तुम्ही जे पाहिले आणि ऐकले ते कमी-जास्त न करता सांगायचे, आणि त्याच्या घरची अडचण तुम्हाला माहीत असेल तर, त्याला विचारून, तीही सांगायची.